तुम्ही विचारलंत म्हणून: लिनोवर छापलेलं कार्ड ठिपकेदार का येतं?

नवरात्र जवळ आलं की हा प्रश्न ठरलेला: दिवाळीच्या कार्डासाठी लिनोवर, म्हणजे ठसे कोरायच्या लिनोलियमच्या तुकड्यावर, पणती कोरली, शाई लावली, कार्डावर दाबली, पण काळा भाग भरीव न येता ठिपक्याठिपक्यांचा आला. घरी प्रेस नसेल तर नीट छापता येतच नाही का?

येतं. दोष बहुतेक वेळा कोरण्यात नसून कागदात असतो. २५०-३०० जीएसएमचं (म्हणजे दर चौरस मीटरला इतक्या ग्रॅम वजनाचं) जाड, दाणेदार कार्ड हाताच्या दाबाला दाद देत नाही. शाई दाण्यांच्या टोकांना लागते, मधले खळगे पांढरे राहतात. हाताने छापायचं तर ८० ते १२० जीएसएमचा गुळगुळीत कागद घ्या आणि छपाई वाळल्यावर तो जाड कार्डावर चिकटवा. ए फोर कागदाचे दोन भाग करून प्रत्येकाला घडी घातली की १०५ बाय १४८ मिलिमीटरचं कार्ड होतं. ठसा त्याहून चारी बाजूंनी सेंटीमीटरभर लहान ठेवा.

हातकागदाचा हट्ट असेल, आणि तो असावाच, तर त्यातला पातळ निवडा. शाई तेलाची असेल तर छापण्याआधी कागद दमट करून घ्या: एक सोडून एक कागद ओल्या स्पंजने पुसायचा, सगळा गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दोन-तीन तास वजनाखाली ठेवायचा. गालाला लावला तर गार लागला पाहिजे, पण वर पाण्याची चमक दिसता कामा नये. ओलीने कागद मऊ पडतो आणि ठशाला भिडतो. पाण्याच्या शाईसाठी मात्र कागद कोरडाच हवा, नाहीतर ती फुटते.

ठिपके दिसले की हात शाईच्या ट्यूबकडे जातो. तिथेच पुढचं बिघडतं. जादा शाई कडांवरून खाली उतरते आणि ‘शुभेच्छा’तल्या ‘भ’चं पोट बुजतं. काचेवर रोलरच्या रुंदीएवढी बारीक वळी पुरते. रोलर उभा-आडवा फिरवा, मधूनमधून उचला. बारीक चरचर ऐकू आली म्हणजे थर बरोबर. चिकट फचफच होत असेल आणि शाई संत्र्याच्या सालीसारखी दिसत असेल तर ती जास्त आहे, थोडी काढून टाका. जाड थर एकदम देण्यापेक्षा पातळ थर तीनदा द्यावा. पहिल्या दोन-तीन प्रती फिक्याच येतात, कारण कोरा लिनो शाई धरायला वेळ घेतो. त्यांवरून निकाल लावू नका.

दाबायला डावाची पाठ उत्तम. ठशावर कागद, त्यावर बटर पेपर, एक तळवा घट्ट ठेवून मधून कडेकडे छोटी वर्तुळं. मग कागदाचा एक कोपरा उचलून बघा. फिकं वाटलं तर तो तसाच खाली सोडून पुन्हा घासा. कागद हलला नाही तर काही बिघडत नाही.

अक्षरं उलटी कोरावी लागतात. ट्रेसिंग पेपरवर मऊ, गडद अशा ६बी पेन्सिलने सरळ लिहा, कागद पालथा घालून घासा, लिनोवर आपोआप उलटं उतरतं. ‘शुभेच्छा’तला ‘च्छ’ सव्वा सेंटीमीटरहून लहान कोरू नका. रेषेची भिंत बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा. आतून पोखरली गेली तर शिरोरेखा रोलरखाली तुटते. हत्याराच्या पुढे दुसरा हात कधीही नको. लिनो कडक वाटला तर पाच मिनिटं उन्हात ठेवा.

आता वाळवण. जवसाच्या तेलाची शाई पाणी उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. म्हणून गठ्ठ्यात ठेवलेली कार्डं वाळतही नाहीत आणि एकमेकांना डागही लावतात. दोरीवर चिमट्यांनी टांगा. कोरड्या हवेत चार-पाच दिवस, कोकणातल्या दमटपणात आठवडा किंवा जास्तच. दसऱ्यापर्यंत छपाई उरकली तर पोस्टालाही वेळ मिळतो. पाण्याची शाई लवकर वाळते, पण ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात काचेवरच आळते. तिच्यात ग्लिसरीनचे एक-दोन थेंब घाला.

रोलर आणि काच आधी खायच्या तेलाने, मग साबणाने पुसा. तेलाच्या शाईची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सुटते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी बाहेर सुटी पसरून वाळवा.

पाकिटात घालण्याआधी सगळ्यात भरीव काळ्या भागावर पांढरा कागद ठेवून अंगठ्याने जोरात घासा. डाग उमटला तर कार्ड आणखी दोन दिवस दोरीवर.