झालाच नव्हता

दादाच्या धाकट्यानं शहागडला जाऊन गोदावरीत बाप्तिस्मा घेतला, हे मला आधीच कळलं होतं. त्याचं मनाला लावून घेतलं नव्हतं. काल जेवताना तो म्हणाला, “आत्या, सगळे म्हणायलेत दुसरा घेतला. दुसरा नाही, पहिलाच. लहानपणी झाला तो बाप्तिस्मा झालाच नव्हता.”

वहिनी भाकरी थापतच राहिली. दादा ताटावरून उठला.

झालाच नव्हता. मग माय त्याला पदराखाली धरून पाळकसाहेबांपुढं उभी होती, ते काय होतं? आमच्या चर्चच्या सगळ्या मंडळीनं उभं राहून हे लेकरू आमचं म्हटलं, ते?

मी एवढंच म्हटलं, असं बोलू नये बाळा. तर म्हणे, “शास्त्रात दाखव, बायबलमध्ये. तान्ह्या लेकराचा बाप्तिस्मा झाल्याचं एक वचन दाखव, मी मानतो.” मग त्यानं मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय काढला. देवाची आज्ञा बाजूला सारून माणसांच्या चालीरीती धरून बसणारे परुशी, येशूच्या काळचे कर्मठ यहुदी. उद्धटपणे बोलला असता तर बरं झालं असतं. मायेनं समजावत होता.

रात्री झोप नाही. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ काढलं. फिलिप्पैच्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याचा त्याच रात्री घरच्या सगळ्यांसकट बाप्तिस्मा झाला. लुदियाच्या घरच्यांचाही. त्या घरांत लेकरं होती का? लिहिलेलं नाही. म्हणजे त्यालाही पुरावा नाही आणि मलाही नाही. तिकडं प्रेषित पौल थेस्सलनीकेच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला लिहितो, तोंडी शिकवलेलं आणि पत्रानं शिकवलेलं, दोन्ही घट्ट धरा. तोंडी काय काय शिकवलं होतं, ते मात्र पत्रात नाही.

आणि शास्त्र म्हणजे कोणती पुस्तकं, हे तरी शास्त्रात कुठं आहे? नव्या कराराच्या नेमक्या याच २७ पुस्तकांची यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात सापडते. त्याआधी तीनशे वर्षं मंडळी होतीच. भाकर मोडत होती, बाप्तिस्मे देत होती, मार खात होती. मार्कचा सातवा अध्याय त्यांनीच जपून आणला ना? जर्मन धर्मसुधारक लूथर १५२१ साली वर्म्सला सम्राटापुढं शास्त्रावर अडून राहिला, पण लेकरांचा बाप्तिस्मा त्यानंही ठेवला. झ्युरिकमध्ये तर १५२७ साली फेलिक्स मान्झला नदीत बुडवून मारलं, कारण तो मोठ्यांना पुन्हा बाप्तिस्मा देत होता. मारणारेही शास्त्रालाच सगळ्यांत वर मानणारे! हे वाचलं की नागपूरला १९७० साली सहा मंडळ्या, म्हणजे वेगवेगळी चर्चेस, एक होऊन उत्तर भारताचं चर्च झालं आणि लेकरांचे व मोठ्यांचे, दोन्ही बाप्तिस्मे मान्य केले गेले, ते मला फार मोठं वाटतं. आमच्या लोकांनी तेव्हा काय काय गिळलं असेल.

पण खरं दुखतंय ते हे नाहीच. मायनं केलेलं तो रद्द म्हणतो, आणि ती आता उत्तर द्यायला नाही.

पहाटे मात्र पणजोबा आठवले. नारायण शेषाद्री १८४३ साली ख्रिस्ती झाले, ब्राह्मण घर सोडून. पुढं त्यांनी जालन्याजवळ बेथेल वसवलं. पणजोबा त्याच वाटेनं आले. पोतराजाचा आसूड खाली ठेवला, केस कापले, चाळिशीत अक्षरं शिकले ती शास्त्र वाचायला. साक्ष देताना आम्ही हेच अभिमानानं सांगतो की वाडवडिलांचं सोडायची त्यांनी हिंमत केली. त्यांच्या मायचं कुणी सांगत नाही. तिनं मरीआईला वाहिलेलं पोरगं ते. त्यानंही तिला म्हटलं असेलच, ते काही खरं नव्हतं म्हणून. तिनं कुणाला विचारलं असेल?

आता त्या बाईच्या जागी मी बसलेय. पोराच्या हातात तेच पुस्तक आहे, आमच्याच घरात वाचायला शिकलेलं. दुसरं काय होणार होतं?

आता धाकट्याच्या लेकराला ते बाप्तिस्म्याचं पाणी लावणार नाहीत, नुसतं देवाला अर्पण करणार आहेत. वहिनीनं हळूच विचारलं, येशील का. जाणार. अथनेशियसचं त्याला विचारायचं आहेच, पण त्या दिवशी नाही. दादा तयार झाला तर त्यालाही घेऊन जाईन.