फोर्क कडक केला आणि घाटात पहिल्याच दिवशी हात बधिर झाले

तीन दिवस, साधारण 640 किमी, मागे बायको, दोन बाजूंना बॅगा. रस्ता म्हणाल तर गुळगुळीत डांबर, मधे खडीचा पट्टा आणि दोन मोठे घाट. निघायच्या आठवडाभर आधी मी मोटरसायकलच्या पुढच्या फोर्कच्या (पुढचं चाक धरणारे दोन पाय, आत स्प्रिंग आणि ऑइल असतं) स्प्रिंगा बदलल्या होत्या. कंपनीच्या होत्या 0.75 किलो प्रति मिमीच्या (एक मिमी दाबायला 0.75 किलो वजन लागतं, आकडा मोठा तेवढी स्प्रिंग कडक), त्यांवर दोघं बसून ब्रेक मारला की गाडी नाक घासल्यासारखी खाली जायची. नवीन घातल्या 0.85 च्या.

घरी करणार असाल तर एक सांगतो, फोर्कची वरची टोपी उघडायच्या आधी पुढचं चाक जमिनीवरून उचललेलं पाहिजे आणि शेवटच्या आट्याला टोपी हाताने दाबून धरा. आत स्प्रिंग दाबलेली असते. माझी टोपी सुटली ती थेट कानाजवळून गेली, चष्मा होता म्हणून निदान डोळे तरी झाकलेले होते.

तर पहिला दिवस. मी काय केलं होतं, स्प्रिंग बदलून हौस भागली नाही म्हणून प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) पूर्ण आवळला आणि रिबाउंड (दबलेला फोर्क किती वेगाने परत वर येतो ते ठरवणारा स्क्रू) जवळजवळ बंद करून टाकला, डोक्यात एकच की कडक म्हणजे चांगलं. पहिल्या तासातच कळलं काहीतरी गंडलंय, कारण स्पीडब्रेकर उतरताना पुढून ठक असा आवाज यायचा आणि खडीवर गाडी उसळायची. त्यात घाटाच्या वळणांवर डांबराच्या बारीक लाटा असतात ना, तिथे दोन-तीन लाटांनंतर हँडल असं दगडासारखं व्हायचं. दुपारपर्यंत तळवे बधिर. बायको मागून म्हणाली, "एवढा खर्च करून हे असं?" काय उत्तर देणार.

संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर फोर्कच्या नळीकडे नीट पाहिलं. निघताना एका नळीवर झिप टाय बांधली होती (हे प्रत्येकाने करावं, फुकटात मिळणारं याहून चांगलं मापयंत्र नाही). फोर्क दबला की सील (आतलं ऑइल अडवणारी रबरी कडी) ती टाय ढकलत नेतो आणि जास्तीत जास्त जिथपर्यंत गेला तिथे टाय राहते. माझ्या फोर्कची चाल (फोर्क जास्तीत जास्त जेवढा दबतो ते अंतर) 150 मिमी, टाय दिवसभरात 95 च्या पुढे गेलीच नव्हती. म्हणजे एक तृतीयांश फोर्क नुसता बरोबर फिरवला.

मग साग (इंग्रजीतला sag, म्हणजे वजनाने फोर्क किती खाली बसतो) मोजला. चाक हवेत असताना उघडी नळी किती दिसते ते एक माप, आणि आम्ही दोघं सगळ्या सामानासकट बसल्यावर दुसरं, दोन्हीतला फरक म्हणजे साग. एकट्याने होत नाही हे, एकजण गाडी धरायला आणि एकजण टेप धरायला लागतो. आणि एकदाच मोजून भागत नाही, सील अडतात, म्हणून एकदा दाबून हळूच सोडून आणि एकदा उचलून हळूच सोडून अशी दोन मापं घेऊन सरासरी काढायची. माझा आला 26 मिमी. रस्त्यावरच्या गाडीला चालीच्या 25 ते 30 टक्के धरतात, म्हणजे मला हवा होता साधारण 38-45.

इथेच माझं डोकं साफ झालं. प्रीलोड आवळून स्प्रिंग कडक होत नाही हो! 0.85 ची स्प्रिंग 0.85 चीच राहते, गाडी फक्त उंच उभी राहते आणि चाकाला खाली जायला जागा उरत नाही, म्हणून तो ठक. कडक हवी असेल तर स्प्रिंगच बदलायची, ते तर मी आधीच केलेलं, वर पुन्हा आवळायची काही गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रीलोड 15 मिमीने सोडला, साग आला 41. रिबाउंडचा स्क्रू पूर्ण बंदपासून मोजतात, माझा 4 क्लिकवर (क्लिक म्हणजे स्क्रू फिरवताना लागणारा एक टप्पा) होता, तो 9 वर आणला. रिबाउंड जास्त बंद असला की एका लाटेतून फोर्क वर यायच्या आत दुसरी लाट येते, फोर्क खाली खाली बसत जातो आणि शेवटी दगडासारखा कडक लागतो. कालचं हँडल तेच होतं. एका वेळी एकच स्क्रू आणि दोनच क्लिक फिरवा, त्याच तुकड्यावर परत जाऊन बघा आणि आकडा वहीत लिहा, नाहीतर संध्याकाळी आपण कुठे होतो तेच आठवत नाही. अजून एक, थंड सकाळी ऑइल जाड असतं, तेव्हा निघाल्या निघाल्या सेटिंगला शिव्या घालू नका, पाच-दहा किमी जाऊ द्या.

मागच्या शॉकअपला विसरू नका. मागे माणूस आणि बॅगा असताना मागचा प्रीलोड नाही वाढवला तर गाडी मागे बसते, पुढचं चाक हलकं पडतं, हेडलाइट आकाशात. मी दोन खाचा वाढवल्या, आणि टायरची हवा दोघांच्या वजनाच्या आकड्याला भरली, हे सगळ्यात आधी करायचं काम मी सगळ्यात शेवटी केलं.

दुसरा घाट मजेत. ब्रेक मारून वळणात शिरताना गाडी खाली जाते पण सावकाश जाते आणि तिथेच थांबते. बायको मागे चक्क डुलकी काढत होती, हेल्मेट पाठीवर आपटलं तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी एका खड्ड्यात मात्र टाय पार टोकाला गेली, धाडकन. एकदाच झालं, म्हणून स्प्रिंगला हात लावणार नाही. स्प्रिंग बाहेर काढून फोर्क पूर्ण दाबला की नळीच्या तोंडापासून ऑइलपर्यंत जी मोकळी जागा राहते ती माझी 140 मिमी आहे, थोडं ऑइल वाढवून 130 करून बघतोय, त्याने चालीच्या शेवटी हवा जास्त दाबली जाते आणि तेवढाच भाग कडक होतो. चाक परत बसवताना एक्सलचा पिंच बोल्ट (एक्सलला फोर्कच्या पायात घट्ट धरणारा) आवळायच्या आधी पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबायचा, म्हणजे दोन्ही पाय सरळ बसतात. मागच्या वेळी मी हे विसरलो होतो आणि डावा सील ओला झाला.