कोळसा बंद होण्याची तारीख

गेल्या डिसेंबरात पुण्याला आलो, तर कोथरूडच्या आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा नेमकी माझ्या एकुलत्या एक रिकाम्या रविवारी. विषय तीनच: टाकीची गळती, वॉचमनचा पगार आणि गच्चीवर सोलर. पहिले दोन दहा मिनिटांत आटोपले. तिसऱ्याला दीड तास लागला.

एक काका वहीत हिशोब करून आले होते. केंद्राच्या योजनेत एकट्या घराने तीन किलोवॉटचं सोलर बसवलं तर ७८ हजार अनुदान, सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॉटमागे १८ हजार. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे त्यावर चालले तर मेंटेनन्स खाली येईल. तळमजल्याचे म्हणाले, आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही पैसे का द्यायचे? वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, मग कुरडया घालायच्या कुठे? (चार वर्षांत त्यांनी कुरडया घातल्याचं आईला आठवत नाही, पण प्रश्न तत्त्वाचा होता.) शेवटी अध्यक्षांची नजर माझ्यावर पडली. "अरे, तुमच्याकडे तर कोळसा बंदच केला म्हणे. सांग की जरा."

मी इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ राहतो, त्यामुळे याबद्दल मला बोलता येतं. इथून लंडनची गाडी पकडली की थोड्याच वेळात ईस्ट मिडलंड्स पार्कवे स्टेशन लागतं आणि अगदी रुळांपाशी आठ अवाढव्य कूलिंग टॉवर दिसतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी त्यांतून निघणाऱ्या वाफेलाच धूर समजलो होतो. धूर निघायचा तो शेजारच्या उंच चिमणीतून. हे रॅटक्लिफ-ऑन-सोअरचं वीजकेंद्र, २००० मेगावॉटचं. विमानतळावरून घरी येताना ते टॉवर दिसले की पोचल्यासारखं वाटायचं, खंडाळ्याचा घाट चढून आल्यावर वाटतं तसं.

३० सप्टेंबर २०२४ ला ते बंद झालं. ब्रिटनमधलं कोळशावरचं ते शेवटचं केंद्र. १८८२ मध्ये लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्टवर एडिसनचं कोळशावरचं वीजकेंद्र सुरू झालं होतं, त्याला १४२ वर्षं झाली होती. आता गाडीतून टॉवर दिसतात, पण वर काही नसतं. विझलेल्या चुलीसारखे नुसते उभे.

आणि २०१२ मध्ये इथली जवळजवळ चाळीस टक्के वीज कोळशाची होती! बारा वर्षांत ती शून्यावर आली, याला कारणं बरीच. २०१३ पासून वीजकेंद्रांच्या कार्बनवर जादा कर लागला आणि कोळसा महाग पडू लागला. गंधकाच्या नियमांनी बरीच जुनी केंद्रं त्याच सुमारास मोडीत निघाली. समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहिल्या. उरलेली जागा नैसर्गिक वायूने भरली, अजूनही बरीच वीज त्याच्यावरच होते. माझ्या घरातला हीटर वायूवरच चालतो. ड्रॅक्स नावाचं एक प्रचंड केंद्र कोळसा सोडून लाकडाच्या गोळ्या जाळतं, त्यातल्या बऱ्याचशा अमेरिकेहून बोटीने येतात आणि हिशोबात ते हरित धरतात. यावर इथेही लोक भांडतात. युनिटला मी तेव्हा साधारण २५ पेन्स देत होतो, म्हणजे त्या वेळचे सत्तावीस-अठ्ठावीस रुपये. हा आकडा सभेत सांगितला तेव्हा सोलरच्या बाजूची तीन मतं वाढली.

पण मला त्या केंद्राबद्दल सगळ्यात विशेष वाटली ती वेगळीच गोष्ट. २०१५ मध्येच सरकारने सांगून टाकलं होतं की २०२५ पर्यंत कोळशाची वीज बंद. पुढे मुदत अलीकडे ओढून ऑक्टोबर २०२४ केली. तिथे कामाला असलेल्या माणसाला वर्षं मोजता आली. कोणी दुसरं काम शिकलं, कोणी निवृत्तीचा मेळ घातला.

माझे शेजारी पूर्वी कोळशाच्या खाणीत होते. ते या कौतुकात सामील होत नाहीत. १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप त्यांनी पाहिलाय. नॉटिंगहॅमशायरमध्ये बरेच कामगार संपाच्या काळातही खाणीत उतरत राहिले, आणि चाळीस वर्षं उलटली तरी काही घरांत त्यावरून बोलणं बंद आहे. पुढे खाणी एकेक करून मिटल्या. आम्हाला कोणी दहा वर्षं आधी सांगितलं नव्हतं, असं ते म्हणतात आणि विषय बदलून टोमॅटोकडे जातात.

सभा संपल्यावर दादाने मला त्याच्या नव्या इलेक्ट्रिक स्कूटरवर मागे बसवलं. कर्वे रस्त्यावर, सिग्नलला, स्कार्फ बांधलेल्या मुलींच्या आणि रिक्षांच्या मधे तीच एक गाडी गप्प उभी होती. डाव्या हाताला कुठेतरी मागे वेताळ टेकडी. तिच्या कुशीत गाड्यांच्या धुराची चाचणी करणारी एआरएआय १९६६ पासूनची संस्था आहे, आणि तिच्याच पायथ्याच्या शहरात २०१८ मध्ये वाहनांची संख्या माणसांच्या पुढे गेल्याची बातमी आली होती. गाड्यांच्या धुराचं बीएस-सिक्स हे मानक २०२० मध्ये आलं, इंधनातलं गंधक दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आलं, एकेका गाडीचा धूर खरंच घटला. पण गाड्याच इतक्या वाढल्या की स्कार्फ काही सुटला नाही.

मी दादाला उगाच डिवचलं, "तुझी स्कूटर शेवटी कोळशावरच चालते." भारतात दर चार युनिटांतली सुमारे तीन कोळशाची, तेव्हा बोलणं खोटं नव्हतं. घरी येऊन त्याने आईच्या वाणसामानाच्या यादीमागे हिशोब मांडला. शंभर किलोमीटरला साधारण तीन युनिट. सगळी वीज कोळशाची धरली, युनिटला एक किलो कार्बन डायऑक्साइड धरला आणि तारांतली गळतीही धरली तरी साडेतीन किलो. पेट्रोलच्या स्कूटरला शंभर किलोमीटरला दोन लिटर लागतात, लिटरला २.३ किलो, म्हणजे साडेचारच्या वर. "आता बोल," म्हणाला. मी हरलो. पुढे ग्रिडमध्ये सूर्य-वारा वाढेल तसा तीच स्कूटर आपोआप आणखी स्वच्छ होईल, पेट्रोलच्या गाडीचं तसं होत नाही, हे मात्र मीच त्याला जोडून दिलं.

नॉटिंगहॅममध्ये दहापेक्षा जास्त पार्किंगच्या जागा असलेल्या कंपन्यांना २०१२ पासून जागेमागे दरवर्षी पैसे भरावे लागतात आणि त्यातून ट्रामचे नवे मार्ग झाले, हे सांगितल्यावर मात्र दादा हसतच सुटला. "हिंजवडीत सांगून बघ." आईला हे मेट्रोइतकं महत्त्वाचं वाटलं नाही. ती आता नळ स्टॉपहून मेट्रोने मंगळवार पेठेत मावशीकडे जाते, एकटी, आणि त्याबद्दल ती ज्या थाटात सांगते त्यापुढे माझी ट्राम काहीच नाही.

या सगळ्यात एक गोष्ट मला टोचत राहिली. दादाच्या स्कूटरचा धूर कर्वे रस्त्यावरून गेला, पण तो गेला कुठे? आमची आत्या नाशिकजवळ एकलहऱ्यात राहायची. काका तिथल्या 'थर्मल'ला, म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्रात होते. सुट्टीत आम्ही तिथे गेलो की आत्या दोरीवरचे कपडे आधी झटकायची, मग घडी घालायची. आम्हाला वाटायचं सगळीकडे असंच करतात. पुण्याच्या विजेची राख दुसऱ्याच्या दोरीवर पडते, हे कळायला मला नॉटिंगहॅमला जावं लागलं.

तसं पुण्याला हे नवीन नाही. ज्या सेनापती बापट रस्त्यावरून दादा रोज ऑफिसला जातो, त्या बापटांनी १९२० च्या दशकात मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. टाटांचं धरण, वीज मुंबईसाठी, बुडाली ती मावळातल्या शेतकऱ्यांची जमीन. कोळशाचा कणही न जाळता झालेली वीज होती ती.

निघायच्या आदल्या रात्री आतेभावाचा फोन आला. तोही एकलहऱ्यालाच आहे, २१० मेगावॉटच्या संचावर. मी त्याला रॅटक्लिफची गोष्ट सांगितली. त्याला पवनचक्क्यांत रस नव्हता.

"नऊ वर्षं आधी सांगितलं?"

"हो."

थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं, आणि कंत्राटी पोरांचं काय केलं रे त्यांनी? राख उचलणारी, बेल्टवरची?"

ते मी इथे कुणाला विचारलंच नव्हतं. परत आल्यावर शेजाऱ्यांना विचारलं. त्यांनी खांदे उडवले आणि टोमॅटोची रोपं दाखवायला नेलं.