तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तिकडे किती जणांना ख्रिस्ती केलंत?’

सुट्टीवर नगरला आले की हा प्रश्न मला दोन बाजूंनी गाठतो. शेजारच्या काकू आवाज खाली करून विचारतात, “तुम्ही तिकडे लोकांना बाटवत नाही ना गं?” आणि रविवारी उपासना सुटल्यावर महिला मंडळाच्या मावशी हात हातात घेऊन विचारतात, “यंदा किती आत्मे मिळाले?” एकीला आकडा शून्य हवा असतो, दुसरीला भरघोस. मी दोघींना खरं तेच सांगते: एकही नाही. काकूंचा जीव भांड्यात पडतो, मावशींचा चेहरा उतरतो, आणि मग दोघीही एकच विचारतात, “मग तुम्ही तिथे करता तरी काय?”

तिथे म्हणजे मलावीत. टांझानिया, झांबिया आणि मोझांबिक यांच्यामध्ये दाबून बसलेला देश, त्याच्या पूर्वेला उभंच्या उभं पसरलेलं सरोवर. 2018 च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या आसपास, त्यातले 77 टक्के ख्रिस्ती आणि 14 टक्क्यांच्या जवळपास मुसलमान. रविवारी सकाळी हमरस्त्याच्या दोन्ही कडांनी माणसं चालत असतात, काखेत बायबल, पाठीला चितेंजेत, म्हणजे अंगाला गुंडाळायच्या कापडात, बांधलेलं मूल. प्रेस्बिटेरियन बायकांच्या संघांचे गणवेश तर लांबूनही ओळखू येतात. उपासना तीन तास चालते, कारण गाणारी मंडळंच पाच-सहा असतात आणि प्रत्येकाचा मान राखावा लागतो. अशा ठिकाणी आम्ही सुवार्ता सांगायला उभं राहायचं म्हणजे पंढरपुरात जाऊन विठ्ठल कोण ते समजावण्यासारखं आहे.

आम्ही राहतो डेड्झा जिल्ह्यात. उंचावरचा, थंड, बटाट्यासाठी प्रसिद्ध असलेला भाग. चर्चचं हॉस्पिटल आहे. मी नर्स, नवरा यंत्रदुरुस्तीवाला. मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल ज्यांनी पाहिलंय त्यांना चित्र चटकन समजेल, फक्त तिथे चर्चची हॉस्पिटलं सरकारी व्यवस्थेतच गुंफलेली आहेत. कर्मचाऱ्यांचे पगार बहुतांशी सरकार देतं, बाकीचा गाडा चर्चने आणि रुग्णांच्या फीने ओढायचा. ही हॉस्पिटलं बंद पडली तर खेड्यांतल्या माणसांना जवळ दुसरं काही नाही.

‘आउटरीच’ हा शब्द आमच्या प्रार्थनापत्रात वाचून मावशींना वाटतं, आम्ही चौकात ढोलकी घेऊन गातो. गाणं असतं, पण ते आम्ही म्हणत नाही. ठरलेल्या दिवशी लसींची थंड पेटी मोटारसायकलला बांधून आम्ही एखाद्या गावी जातो. आंब्याच्या फांदीला काटा टांगतो. बाया आधीपासून बसलेल्या असतात. त्यांच्यातली एखादी वयस्कर बाई उभी राहून प्रार्थना करते. सरोवराकडच्या गावांत याओ जमातीच्या मुसलमान बायकाही असतात. त्या मान खाली घालून थांबतात, मग सगळ्या मिळून टाळ्या वाजवत गातात. गाणं जुलाबाचं किंवा अंगावर पाजण्याचं, आणि त्यात आदल्या आठवड्यात हात न धुता भांडी घासलेल्या कुणा बाईची खेचलेली असते. मग वजन. बाळाला पाय घालायला भोकं असलेल्या कापडी चड्डीत अडकवून काट्याला लटकवायचं. बाळ बोंबलतं, काटा हलतो, तो थांबेपर्यंत वाचता येत नाही, मागची रांग हसते. वजन आईच्या पुस्तिकेत लिहायचं, दंडाला पट्टी गुंडाळायची: हिरवी, पिवळी, लाल. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली दंड म्हणजे लाल. त्या बाळाला शेंगदाण्याच्या गोड पेस्टच्या पुड्या मिळतात, तिला तिथे चिपोंडे म्हणतात. थोरली भावंडं त्या पुडीकडे कशी बघतात ते मी इथे लिहीत नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत लाल पट्ट्या वाढतात. पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू होतो, मका तेव्हाच पेरायचा, कापणी एप्रिलनंतर. वर्षातून हे एकच पीक. कोठीतला मका संपलेला, शेतातला हिरवा, आणि नेमकं याच वेळी खुरपणीचं काम जास्त. ज्यांचं धान्य संपलं ते दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जातात, त्याला गान्यू म्हणतात. म्हणजे पोटासाठी दुसऱ्याचं शेत खुरपायचं आणि तेवढा वेळ स्वतःच्या शेतात तण माजू द्यायचं. पुढच्या वर्षीची उपासमार इथेच पेरली जाते. यावर कुठल्याही प्रवचनात उत्तर नाही, आणि आमच्या पाळकांनी ते आहे असा आव कधी आणलेला मी ऐकला नाही. तिथल्या पाळकांबद्दलचा माझा आदर वाढला तो यामुळे.

नवऱ्याचं काम आणखी कमी पवित्र. ऑगस्ट ते ऑक्टोबर लाल धूळ उडते आणि ऑक्सिजन काढणाऱ्या यंत्रांच्या स्पंजात बसते. स्पंज धुतला नाही तर यंत्र गुरगुरतं पण ऑक्सिजन पातळ देतं; मूल निळं पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून तो वॉर्डात फिरून स्पंज धुतो, आणि हातातल्या छोट्या मीटरने हवा मोजतो. न्यूमोनियाच्या दिवसांत एकाच यंत्राला चार फाटे फोडून चार मुलांच्या नाकाशी नळ्या लावलेल्या असतात. वीज गेली की जनरेटर, आणि जनरेटरला डिझेल. डिझेलची टंचाई मलावीत पाचवीला पुजलेली. परकीय चलन नाही म्हणून टँकर नाही, टँकर नाही म्हणून पंपावर रात्रभराची रांग. मुलं शाळेत ‘बाबा काय करतात’ यावर लिहितात, ‘बाबा रांगेत असतात.’

“पण आफ्रिकाच का? आपल्याकडे गरिबी नाही?” हा पुरवणी प्रश्न. आहे की. पण नाशिक-मुंबईचा त्या मुलखाशी संबंध आम्ही जोडलेला नाही, तो जुना आहे. 1861 मध्ये शिरे नदीवरच्या डोंगराळ भागात गुलामांच्या तांड्यातून सुटलेल्या मुलांत चुमा नावाचा याओ मुलगा होता. डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाने 1864 मध्ये त्याला मुंबईला आणलं आणि डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत घातलं. दुसरा जेकब वेनराइट, तोही याओ, गुलामगिरीतून सुटून नाशिकच्या शरणपूरला शिकला. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याचं नाव झाडावर कोरणारा हाच. चुमा, लिव्हिंगस्टनचा दुसरा सेवक सुसी आणि सोबत्यांनी तो देह महिनोन्‌महिने चालत किनाऱ्याला आणला. लिव्हिंगस्टनच्या जन्मगावाचं नाव मलावीतल्या एका मोठ्या शहराला आहे, ब्लँटायर. शरणपूर रोडवरून रोज स्कूटर नेणाऱ्या माझ्या मामेभावाला वेनराइट हे नाव मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

तिथे आम्हाला मिशनरी कुणी समजतच नाही. तपकिरी कातडीचा माणूस म्हणजे म्वेन्ये, म्हणजे भारतीय, आणि भारतीय म्हणजे दुकानदार. राजधानी लिलाँग्वेच्या जुन्या बाजारात गुजराती दुकानांची रांगच आहे. हिंग आणि पोहे आम्ही तिथूनच आणतो. 1970 च्या दशकात राष्ट्राध्यक्ष बांडा यांच्या राजवटीने भारतीयांना खेड्यांतून काढून मोजक्या शहरांपुरतं ठेवलं, त्यामुळे खेड्यातल्या माणसाला भारतीय भेटला तो गल्ल्यापलीकडेच. रुग्णांच्या नातेवाइकांनी मला सुरुवातीला विचारलेला प्रश्न होता, “अमायी (बाई), तुमच्या मालकाचं दुकान कुठलं?” तूर मात्र उलट दिशेने जाते. दक्षिण मलावीतला शेतकरी तूर लावतो ती बरीचशी भारतासाठी. 2017 मध्ये आपल्या सरकारने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली तेव्हा तिकडचे भाव कोसळले. आपल्या शेतकऱ्याला ती मर्यादा हवीच होती, हेही खरं.

मला सगळ्यात जड जातं ते हे नाही. ते पैशाचं आहे. आमचा खर्च भारतातल्या मंडळ्या पाठवतात, रुपयांत. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये मलावीच्या चलनाचं, क्वाचाचं, अवमूल्यन झालं, डॉलर एका फटक्यात 44 टक्क्यांनी महागला. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या नर्सचा पगार तोच राहिला. तेल, साबण, शाळेची फी चढली. आमचा रुपया मात्र रात्रीत वजनदार झाला. आम्ही दोघी एकाच चर्चला जातो, एकच काम करतो, आणि तिच्या देशाला लागलेल्या ठेचेतून माझ्या पदरात पैसे पडले. त्या महिन्याच्या प्रार्थनापत्रात मी हे लिहिलं, तर एका ताईंचा निरोप आला, ‘देव आपल्या सेवकांची कशी काळजी घेतो!’ मी उत्तर दिलं नाही.

दारावर माणसं येतात. कुणाला फी, कुणाला मका, कुणाला प्रेत गावी न्यायला गाडी. सगळ्यांना देता येत नाही आणि कुणालाच न देणं जमत नाही. आता आम्ही ठरावीक रक्कम चर्चच्या वडील मंडळींकडे देतो, वाटप तेच करतात. कुणाचं खरं आणि कुणाचं रचलेलं हे त्यांना कळतं. यावर आमच्यासारख्याच एका कोरियन कुटुंबाने नाक मुरडलं, “तुम्ही माणसांपासून लांब जाता.” असेलही. पण हातात पैसे घेऊन दारात उभा असलेला परदेशी हाच त्या देशात मिशनचा जुना चेहरा आहे, आणि तो मला नको. क्वाचाच्या नोटेवर जॉन चिलेंब्वेचं चित्र आहे. तो स्वतः पाळक, अमेरिकेत शिकून आलेला, चिराद्झुलूला मिशन उभारलेला. मळेवाल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध 1915 मध्ये त्याने उठाव केला आणि त्यातच तो मारला गेला. त्याचं विटांचं चर्च इंग्रजांनी सुरुंगाने उडवलं. 15 जानेवारीला त्याच्या नावाने देशभर सुट्टी असते, आणि माझी मुलं शाळेत त्याच्यावर भाषण करतात.

मुलांचं विचाराल तर ती चिचेवात, म्हणजे तिथल्या भाषेत, भांडतात आणि मराठीत रडतात. मलेरिया दोघांनाही होऊन गेला आहे. मलेरियाची लस 2019 मध्ये नेहमीच्या लसीकरणात जगात पहिल्यांदा मलावीनेच आणली, पण आमची पोरं तोवर त्या वयाच्या पुढे गेली होती.

आमचं जाणं ठरलेलं आहे, तारीख तेवढी ठरलेली नाही. नवऱ्याच्या हाताखाली डेड्झाचाच एक तरुण आहे. यंत्र उघडायच्या आधी तो त्याच्या आवाजावरूनच बिघाड सांगतो. नवऱ्याला ते अजून जमत नाही. लिलाँग्वेला त्याचा डिप्लोमा चालू आहे, फी त्या वडील मंडळींनीच मंजूर केली. तो पूर्ण झाला की यंत्रदुरुस्तीचं खातं त्याच्याकडे. तोवर थोरलीची दहावी तिथे करायची की नगरला आजीकडे ठेवून, यावर आमच्या घरात रोज जेवताना वाद होतो, आणि तिला स्वतःला यातलं काहीच नको आहे. तिला म्हणे तिथेच राहून क्लिनिकल ऑफिसर, म्हणजे डॉक्टरच्या खालोखाल रुग्ण तपासणारी, व्हायचंय.