नाकात रुतलेली दोरी आणि सुती म्होरकी

सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीच्या सुमारास भरते आणि तापीकाठच्या या गावात मारवाडी, काठियावाडी, पंजाबी असे घोडे दूरदूरहून विक्रीसाठी येतात. पशुवैद्यक म्हणून त्या यात्रेत काम करीत असताना एका दुपारी एक वयस्क शेतकरी सहा-सात महिन्यांचे शिंगरू घेऊन आले. "डॉक्टरसाहेब, याच्या तोंडाला वास येतोय आणि कुट्टीला तोंड लावत नाही," एवढेच त्यांचे म्हणणे होते.

वास तोंडाचा नव्हता. नाकपुड्यांच्या थोडे वर, हिवाळ्यात वाढलेल्या दाट केसांखाली एक ओली रेघ होती आणि तिच्यावरून बोट फिरवताच कातडीच्या आत दोरीचा पीळ हाताला लागला. कोणीतरी शिंगरू लहान असताना नायलॉनच्या बारीक दोरीचा वळसा त्याच्या नाकावर घालून तो गळ्यातील दाव्याला बांधला होता. शिंगरू वाढले, वळसा तेवढाच राहिला आणि दोरी कातडी कापत मांसात उतरली. "आबा, ही दोरी कधीची?" असे विचारले तेव्हा ते म्हणाले, "दिवाळीआधी विकत घेतलं तेव्हाच होती, साहेब. केसांत दिसलीच नाही." त्यांच्या चेहऱ्यावरचे दुःख खरे होते.

घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, त्याचा सगळा श्वास नाकावाटे चालतो. नाकाचे हाड नाकपुड्यांच्या दिशेने निमुळते आणि पातळ होत जाते व त्यापुढे केवळ कूर्चा उरते, म्हणूनच इतक्या खाली बसलेला घट्ट वळसा नुसत्या जखमेपुरता राहत नाही. झायलाझिनचे इंजेक्शन देऊन शिंगराला गुंगी आणली. दोरीचा बाहेर राहिलेला मळका भाग जखमेतून ओढला जाऊ नये म्हणून एका गालाकडे ती कातडीलगत स्वच्छ करून कापली आणि दुसऱ्या बाजूने सावकाश बाहेर काढली. जखम सलाईनने धुतली, पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक वापरले आणि हाड शाबूत असल्याची खात्री करून घेतली. घोड्याला धनुर्वाताचा धोका इतर जनावरांपेक्षा फार अधिक असल्यामुळे त्यावरचे इंजेक्शनही दिले.

खरा प्रश्न त्यानंतरचा होता. गुंगी उतरल्यावर शिंगरू त्या गर्दीतून गाडीपर्यंत न्यायचे होते आणि घरी रोज जखम धुताना धरायचेही होते. जवळच्या दुकानांत रंगीत नायलॉनच्या म्होरक्या, म्हणजे जनावर धरण्यासाठी त्याच्या तोंडाभोवती आणि कानांमागे बांधायच्या दोऱ्या, होत्या, पण त्या मोठ्या घोड्यांच्या मापाच्या असल्याने नाकपट्टी नेमकी जखमेवरच उतरली असती. म्हणून करंगळीएवढ्या जाडीची मऊ सुती दोरी आणवली आणि म्होरकी तिथेच तयार केली.

आधी नाकाभोवतीचे कडे केले. त्याची जागा गालाच्या उंचवट्याचे हाड जिथे संपते त्याच्या दोन बोटे खाली, म्हणजे जखमेच्या बरीच वर येत होती. नाकावर दोरीचे दोन पदर शेजारी-शेजारी ठेवून त्यांवर सुती कापड शिवले, म्हणजे दाब एका बारीक रेषेवर न येता पसरतो. कडे ओढल्यावर आवळणार नाही अशा पक्क्या निरगाठींनी बंद केले आणि रवंथ न करणारे हे जनावर चारा दळताना जबडा आडवा फिरवते हे लक्षात ठेवून आत दोन बोटे सहज शिरतील एवढी ढील ठेवली. गाठी गालाच्या रुंद भागावर येऊ दिल्या नाहीत, कारण चेहऱ्याचा मज्जातंतू तिथे कातडीच्या अगदी खालून जातो आणि त्याच्यावर सतत दाब आला तर ओठ लुळा पडतो. उजवीकडून निघालेला पदर कानांमागून डावीकडे आणला, तर डाव्या पदराच्या टोकाला न सरकणारा छोटा फासा केला. कडे खाली घसरू नये म्हणून हनुवटीमागून गळ्याखाली एक आडवा पदर जोडला.

बांधण्याची गाठ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वरून आलेले टोक फाशातून खालून वर काढायचे, फाशाच्या दोन्ही पदरांमागून फिरवायचे आणि स्वतःच्याच खाली दाबायचे. ही गाठ हिसक्याने सरकत नाही, पण हवी तेव्हा सुटते. टोक मागच्या बाजूला वळलेले हवे, नाहीतर ते डोळ्यात जाते.

शिंगरू मोकळे सोडताना म्होरकी काढायची, हे मी आबांना दोनदा सांगितले, कारण खुंटीत किंवा स्वतःच्याच पायात ती अडकली तर मान मोडू शकते. वाढत्या वयात दर आठवड्याला बोटे घालून ढील तपासायची, भिजली तर लगेच काढून वाळवायची, कारण ओल्या सुताच्या गाठी घट्ट बसतात.

त्यांनी उरलेली दोरी मागून घेतली आणि शिंगरू शुद्धीवर येईपर्यंत तिथेच बसून पुढच्या मापाची म्होरकी करायला घेतली. शेवटच्या गाठीचे टोक त्यांनी पुढे काढले होते. मी ती सोडायला लावली आणि दुसऱ्यांदा बरोबर बसल्यावरच त्यांना गाडीकडे जाऊ दिले.