खोलीचा खर्ज

सबवूफर, म्हणजे फक्त सगळ्यात खालचे सूर वाजवणारा स्पीकर. त्याच्या खोक्यावर दोन माणसं मिळून तो उचलताहेत असं चित्र छापलेलं असतं. ते शोभेसाठी नसतं. एवढीशी चौकोनी पेटी, पुढे एक कोन, म्हणजे हवा ढकलणारा शंकूसारखा पडदा, आणि मागे एक ॲम्प्लिफायर. मग वजन कसलं? तर खर्जाचं. आवाज काढणं म्हणजे हवा हलवणं, आणि खालच्या सुरांना हवा फार लागते. आवाजाची पातळी तीच ठेवून एक सप्तक खाली उतरायचं, तर कोनाला चौपट सरकावं लागतं. ८० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ८० कंपनांच्या सुराला, जो १ मिलिमीटर हलून भागवतो, त्याला २० हर्ट्झसाठी १६ मिलिमीटर पुढे-मागे व्हावं लागेल. त्यासाठी आत जाडजूड चुंबक येतं, आणि एवढ्या धुमश्चक्रीत पेटीच गायला लागू नये म्हणून लाकूडही जाड येतं.

नवा सबवूफर घरात आला तेव्हा पहिला प्रश्न बायकोने विचारला, "आहेत त्या स्पीकरमधून आवाज येत नव्हता का?" प्रश्न बिनतोड होता. येत होता. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते आणि आमचे स्पीकर त्याच्या बरेच वर धाप टाकतात. तरीही ती तार आजवर आम्हाला ऐकू येतच होती, कारण तिच्याबरोबर निघणारे ८२, १२३ हर्ट्झचे उपस्वर स्पीकरमधून येत होते आणि त्यांच्यावरून मूळ सूर कोणता असणार, हे मेंदू आपलं आपण ठरवत होता. तळहाताएवढ्या रेडिओवरही गाण्यातला खालचा सूर आपल्याला ओळखू येतो तो याच हिशेबाने. म्हणजे मेंदू इतकी वर्षं जे काम फुकटात करत होता, ते मी पैसे मोजून एका पेटीकडे सोपवलं. हे उत्तर मी तिला दिलं नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. घरच्यांच्या मते तो जिथे पायात येणार नाही तिथे ठेवावा, आणि अशी जागा प्रत्येक खोलीत एकच असते: सोफ्यामागचा कोपरा. या मताला भौतिकशास्त्राचा थोडा पाठिंबा आहे, हेही सांगायला हवं. कोपऱ्यात तीन पृष्ठभाग एकत्र येतात, सबवूफरला बळ मिळतं आणि कमी कष्टात जास्त आवाज निघतो. फक्त कोपरा खोलीतल्या सगळ्याच अनुनादांना, म्हणजे भिंतींच्या मापामुळे जे सूर आपोआप फुगतात त्यांना, एकदम जागं करतो. मग प्रत्येक गाण्याला एकच ढोल लागला आहे असं वाटत राहतं.

खरी गंमत इथून सुरू होते. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे ४० हर्ट्झच्या एका तरंगाची लांबी साडेआठ मीटरच्या वर भरते. माझी खोली लांबीला सव्वाचार मीटर. एवढा लांबलचक तरंग खोलीत मावतच नाही; त्याचा निम्मा भाग तेवढा दोन भिंतींच्या मध्ये बरोबर बसतो आणि तिथेच ठाण मांडतो. परातीतलं पाणी हिंदकळवलं की दोन्ही कडांना चढतं-उतरतं, पण मधोमध पातळी जवळजवळ हलत नाही, तसंच हे. भिंतींपाशी दाब भरपूर, मध्ये शून्याच्या आसपास.

हे कागदावर वाचणं वेगळं आणि चालून बघणं वेगळं. ४० हर्ट्झचा सलग सूर लावला आणि खोलीच्या मध्यावर उभा राहिलो, तर काहीच नाही. कोन डोळ्यांदेखत धपाधप हलतो आहे आणि कानाला पत्ता नाही. मागे दोन पावलं टाकली तर तोच सूर कुठून तरी उगवायला लागला, आणि पाठ भिंतीला टेकली तेव्हा तो पोटात होता. आवाजाच्या बटणाला कोणी हात लावला नव्हता. पुन्हा पुढे आलो, पुन्हा गायब. मुलगी दारातून बघत होती. तिनेही ती फेरी मारली आणि मग भावाला बोलावून आणलं. थोड्या वेळाने घरातले सगळेच खोलीत शतपावली घालत होते. मी महागडे स्पीकर लावून लोकांना गाणी ऐकवली आहेत, पण या एका कंटाळवाण्या सुराइतकं लक्ष कोणी कशाकडे दिलेलं मला आठवत नाही.

आता बेस गिटारची ती जाड तार आणि खोलीचा हा अनुनाद जवळपास एकाच ठिकाणी यावेत, हा निव्वळ योगायोग. पण त्याचा अर्थ असा, की खुर्ची मधोमध असेल तर ती तार वाजलीच नाही असं वाटणार आणि भिंतीला टेकलेली असेल तर तीच वाजत राहणार. दोष रेकॉर्डिंगचा नसतो, सबवूफरचाही नसतो. तीन-चार मीटरच्या खोल्यांत राहणाऱ्या प्रत्येकाच्या नशिबी असला एखादा सूर असतोच. त्यावर इक्वलायझर, म्हणजे एकेका सुराची पातळी कमीजास्त करणारं साधन, लावून उंचवटा खाली आणता येतो. खड्डा मात्र भरता येत नाही. तिथे जितकी शक्ती ओताल तितकी ती समोरून परत येऊन स्वतःलाच खोडते. मग खुर्ची हलवा किंवा सबवूफर हलवा, तिसरा मार्ग नाही.

जागा शोधायची सर्वमान्य पद्धत मात्र बघणाऱ्याला वेडगळ वाटावी अशी आहे. सबवूफर उचलून ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवायचा, आणि ऐकणाऱ्याने भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे खालचे सगळे सूर एकसारखे ऐकू येतील, ती सबवूफरची जागा. आवाज जिथून निघतो आणि जिथे पोचतो त्या दोन जागांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो, हे तत्त्व १९व्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि रॅले या थोर भौतिकशास्त्रज्ञांनी मांडून ठेवलं आहे. कान जमिनीलगत, कोनाच्या उंचीला न्यावा लागतो म्हणून रांगणं. तत्त्वाबद्दल शंका नाही. पण सिंहासनावर बसवल्यासारखा सबवूफर खुर्चीत आणि घरातला कर्ता माणूस त्याच्यासमोर गुडघ्यांवर, हे दृश्य पाहिलेल्या मुलांकडून पुढे कसल्या आदराची अपेक्षा करायची?

जागा ठरली की मागच्या बटणांची पाळी. क्रॉसओव्हर, म्हणजे जिथे स्पीकरचं काम संपून सबवूफरचं सुरू होतं तो जोड, साधारण ८० हर्ट्झला ठेवतात, कारण त्याच्या खालचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला फारसं कळत नाही. चार मीटरहून लांब तरंगापुढे दोन कानांमधलं वीतभर अंतर किरकोळ आहे. त्यामुळेच सबवूफर बाजूला ठेवला तरी खर्ज समोरच्या गायकाच्या पायाखालून आल्यासारखा वाटतो. फेजचं बटण जरा आडमुठं. तिथे प्रश्न असा, की स्पीकर हवा पुढे ढकलत असताना सबवूफर ती मागे तर ओढत नाही ना. तसं होत असेल तर जोडावरचे सूर दोघं मिळून पुसून टाकतात. आणि बटण पेटीच्या पाठीमागे, ऐकायचं खुर्चीत, म्हणजे माणसं दोन लागतात.

"बाबा, आता?"

"वाढलं."

"वाढलं की बदललं?"

हा प्रश्न मुलीचा, आणि तो इतका नेमका होता की उत्तरासाठी मी पुन्हा सुरुवातीपासून ऐकायला लागलो.

हा जोड तपासायला माझ्या मते डग्ग्यासारखं दुसरं वाद्य नाही. धरणीकंपाचे आणि स्फोटांचे नमुने वाजवून लोक सबवूफरची परीक्षा घेतात. त्यात फक्त तो किती ओरडतो ते कळतं. डग्ग्याचा घुमारा स्पीकर आणि सबवूफर यांच्या सरहद्दीवर राहतो. त्यात वादक मनगटाचा दाब देत मींड काढतो तेव्हा सूर खालून वर सरकत जातो आणि एका पेटीतून दुसरीत हात बदलतो. जोड नीट असेल तर ती मींड एकसंध येते, हाताखालचं कातडंसुद्धा जाणवतं. जोड बिघडला असेल तर मधेच एक ठिकाण फुगतं, किंवा आवाज क्षणभर पोकळ होऊन पुन्हा भरतो. हे एकदा कानाला सापडलं की बाकीच्या आकड्यांची मदत होते, गरज उरत नाही.

गेनबद्दल, म्हणजे सबवूफरच्या आवाजाच्या पातळीबद्दल, मी स्पष्टच बोलतो: बहुतेक घरांत तो जास्त असतो. नवी वस्तू आणली आहे, ती दिसायला हवी तशी ऐकूही यायला हवी, ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण गाण्यापेक्षा सबवूफर आधी ऐकू यायला लागला की गाणं संपलं. अडचण अशी, की कान स्वतःच एका जागी राहत नाही. आवाज लहान केला की खालचे सूर इतरांपेक्षा लवकर विरतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. त्यामुळे दुपारी मोठ्याने ऐकताना जमलेला तोल रात्री हळू आवाजात अंगाने वाळलेला वाटतो. म्हणून ते बटण कायमचं चिकटवून टाकावं असा दिवस येत नाही.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर भिंतीवर फोमचे तुकडे लावून त्यांचं रक्षण होत नाही. ४० हर्ट्झच्या तरंगाचा पाव भागसुद्धा दोन मीटरचा; दोन इंच फोम त्याच्या खिजगणतीत नाही. त्यापेक्षा जाऊन विचारलेलं बरं.

सगळं लावून झाल्यावर २० पासून १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर लावला, आणि तेव्हा घर बोलायला लागलं. एका ठिकाणी खिडकीची काच किणकिणली. जरा वर गेल्यावर दार चौकटीत बडबडलं. मग भिंतीवरची तसबीर, पडद्याचा दांडा, एकेकाचा सूर ठरलेला, तो आला की हजेरी, तो गेला की गप्प. काचेच्या फटीत रबर, तसबिरीमागे कापडाचे तुकडे, असं करत बहुतेकांची तोंडं बंद केली. एक बारीक खुळखुळ मात्र राहिली. ती नेहमी सबवूफरच्याच दिशेने येते असं वाटायचं, म्हणून पेटी उलटीपालटी करून पाहिली. मुलाने शेवटी सूर तसाच चालू ठेवून खोलीतल्या एकेका वस्तूवर हात ठेवत फेरी मारली. कपाटापाशी आल्यावर खुळखुळ थांबली. हात काढला, सुरू झाली. कुलपाला लटकणारा किल्ल्यांचा जुडगा. त्याला आता दुसऱ्या खोलीत खिळा दिला आहे.

राहता राहिला तो ४० हर्ट्झचा मुक्काम. खुर्ची मागे घेतल्याने तो पुष्कळ सुसह्य झाला, पण शेजारी बसणाऱ्याला अजून वेगळंच गाणं ऐकू येतं. यावर उपाय आहे, आणि तो दुसऱ्या सबवूफरचा. टॉड वेल्टी या ध्वनिसंशोधकाने २००२ मध्ये सबवूफरची संख्या आणि जागा यांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवला तरी बरंच काम होतं, आणि चारच्या पुढे जाण्यात फारसा लाभ नाही, असं त्यातून निघालं. त्यामागचं कारणही सुंदर आहे. त्या अडून बसलेल्या तरंगात एका भिंतीपाशी दाब चढतो तेव्हा दुसरीपाशी उतरतो. दोन्हीकडून एकाच तालात ढकललं तर त्याला उभं राहायला जागाच मिळत नाही. मी टेप घेऊन मागच्या भिंतीचा मध्य काढून ठेवला आहे. सध्या तिथे इस्त्रीचं टेबल असतं. ते हलवण्याचा विषय अजून काढलेला नाही.