किशोनपासून कर्मेलच्या माथ्यापर्यंत

आम्हा बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, जुनी वारी अलिबागजवळच्या खंडाळ्याची. तिथल्या खडकावर एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, रथाच्या खुणा दाखवतात. तिथे मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य, करायचा, नवस फेडायचा. इस्राएलात आल्यावर आमचे लोक हैफाला हनाबीच्या गुहेत जातात. मला मात्र शास्त्रातल्या क्रमाने चालायचं होतं, आधी किशोनचा ओढा आणि मग कर्मेल डोंगराचा माथा. सोबतीला लोदच्या मावशी होत्या. गुडघे दुखतात म्हणत म्हणत सगळ्यांच्या पुढे चालणाऱ्या.

हेश्वान महिना लागला होता. उन्हाळाभर इथे पाऊस नसतो, त्यामुळे किशोन म्हणजे लव्हाळ्यातून वाहणारा बारीकसा ओहोळ. दुष्काळात खरा देव कोण याचा निवाडा झाला, त्याचा शेवट इथेच. वर वेदीवर अग्नी पडला, लोक ‘परमेश्वर हाच देव’ म्हणून ओरडले, आणि एलियाहूने बआल या परक्या देवाच्या संदेष्ट्यांना खाली या ओढ्याशी आणून मारलं. ते ४५० होते. किप्पुरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास सुटायच्या वेळी तीच आरोळी आपण सात वेळा देतो, पण तिच्या पुढची ओळ कोणी मोठ्याने म्हणत नाही. मीही तिथे फार थांबलो नाही.

चढ खडकाळ आहे. दोन्ही बाजूंना ओकची खुरटी झाडं, पायाखाली सुटे दगड. अर्ध्या वाटेवर मावशी टेकल्या आणि म्हणाल्या, “एवढं रक्त सांडल्यावर पाऊस द्यायचा, तर आधीच का नाही दिला?”

“द्यायचं आधीच ठरलं होतं, मावशी. या गोष्टीचा अध्याय उघडतो तोच तसा. जा, अहाब राजाला भेट, मी भूमीवर पाऊस पाडतो. तोवर लोकांनी कुठे काय कबूल केलं होतं?”

“मग ती आग कशाला?”

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पाऊस लोकांच्या पश्चात्तापाची मजुरी नव्हता, एवढंच मला त्या ओळीवरून दिसतं. त्यांना कळावं पाऊस कोणाचा, म्हणून आग असेल. दुष्काळाचं तिसरं वर्ष चालू असताना एलियाहूने वेदीवर बारा घागरी पाणी ओतायला लावलं, तेही मला त्याच भरवशाचं वाटतं.

माथ्यावर मुहराका, कार्मेलाईट साधूंचा मठ. अंगणात हनाबीचा पुतळा आहे, हातात तलवार उगारलेली. मावशींना तो मुळीच आवडला नाही. आमच्या घरातल्या तसबिरीत तो घोड्यांच्या रथातून वर जात असतो, हातात तलवारबिलवार काही नाही. गच्चीवरून सगळं इज्रेलचं खोरं आणि ताबोर डोंगर दिसतो; मागे, पश्चिमेला, समुद्र. इथेच कुठेतरी तो गुडघ्यांत डोकं घालून बसला आणि चाकराला सात वेळा समुद्राकडे बघायला पाठवलं. सातव्या वेळी तळहाताएवढा ढग दिसला. अग्नी एका प्रार्थनेत उतरला होता. पावसासाठी त्याच माणसाला एवढं ताटकळावं लागलं.

आणि अहाब? त्याला हनाबी सांगतो, जा, खा-पी, पावसाचा आवाज येतोय. ज्याच्या राज्यात हे सगळं झालं, त्याच्यावरही तोच पाऊस. पुढे नाबोथ नावाच्या माणसाचा त्याच्या मळ्यासाठी खून पडतो, त्याची शिक्षा सुनावली जाते, अहाब गोणपाट नेसतो, आणि देव ती शिक्षा त्याच्या हयातीपुरती पुढे ढकलतो. अहाबाची! मला तर ही अख्ख्या गोष्टीतली सर्वांत अवघड जागा वाटते, किशोनपेक्षाही.

मठाबाहेर झाडाखाली डबा उघडला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, खजूर. बोलता बोलता पावसाच्या मागणीचा विषय निघाला. सुक्कोथचा, म्हणजे मांडवांचा, सण झाला की पाऊस मागायचा, पण तो लगेच नाही. सण उलटून पंधरा दिवस गेल्यावर, ७ हेश्वानला. कारण मिश्नात, आमच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात, दिलंय: यरुशलेमची वारी करून परतणारा शेवटचा माणूस फरात नदीपर्यंत कोरडा पोचावा.

“फरात राहू दे,” मावशी डबा पुसत म्हणाल्या, “माझी लोदची बस गाठून दे म्हणावं.”